ओट्सचं दळण

ओट्स घेऊन गिरणीत गेल्याशिवाय आपली गल्लीत काय किंमत आहे ते कळत नाही. मला गेल्या रविवारी कळली.

निमित्त अगदी किरकोळ. घरी पॅनकेक करायचे होते, प्रोटीनवाले. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात म्हणे. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं आणि मी काय खाते ते न विचारताच ‘तुम्हाला प्रोटीन कमी पडतंय’ असंही सांगून टाकलं. मिक्सरचा कपलर तुटलेला आहे आणि दुरुस्तीवाला ‘उद्या देतो’ म्हणतोय, दिवाळीच्या आधीपासून. मग पिशवीत ओट्स, सोयाबीन, डाळं, थोडी मूगडाळ असं सगळं घेतलं आणि बेळगावच्या शहापुरातली आमची नेहमीची गिरणी गाठली.

गिरणीवाले अण्णा कन्नड. मशीनशी कन्नडमध्ये बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि मोटार जळली की आलेल्या मेस्त्रीशी हिंदीत. पाटी पूर्वी मराठीत होती. २०२४ साली कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाल्यावर त्यांनी ती नवी करून घेतली. आता वर ठसठशीत कन्नड, आणि मराठी खाली कोपऱ्यात, चष्मा लावून बघावी लागते. अण्णांना त्याचं काही सुखदुःख नाही. ‘पीठ तेच आहे की,’ म्हणतात. मला आहे, पण तो विषय काढला की घरी नवरा जेवण होईपर्यंत टीव्हीचा आवाज वाढवून ठेवतो, म्हणून इथं सोडते.

तर अण्णांनी पिशवीत हात घातला, मूठभर ओट्स वर काढले, बोटांतून सोडले.

“एन री इदु?”

“ओट्स.”

“म्हशीला?”

“नाही. आम्हाला.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीकडं. मग रांगेकडं. रविवारची गिरणी, रांग दारापर्यंत. सगळ्यांचे डबे खाली आणि माना वर.

अण्णांच्या अडचणी खऱ्या होत्या, तेवढं मी मान्य करते. सोयाबीन एकटं दळत नाहीत. त्यात तेल असतं, ते दगडाला चिकटतं, मग पाळू उघडून साफ करत बसावं लागतं. गव्हात मिसळून आणलं तर चालतं. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन रग्गड पिकतं, बैलहोंगलकडं तर खरिपात जिकडंतिकडं तेच, पण ते पिकवणारे विकून मोकळे होतात. दळून खायला आलेली बहुतेक मीच पहिली. ओट्सची अडचण वेगळी. ते चपटे आणि हलके, वरच्या चाडीतून खाली घसरतच नाहीत, अडकून बसतात. आणि तिसरी अडचण माझ्या मागंच उभी होती. भाकरीची ज्वारी घेऊन आलेले एक काका.

“हिच्यामागनं माझं दळू नका,” ते म्हणाले. “भाकरीला वास लागंल.”

“ओट्सला वास नसतो काका.”

“मग खायाचं कशाला?”

यावर रांग हसली. मीही हसले, कारण उत्तर नव्हतं.

इथवर ठीक होतं. गिरणीत थोडा अपमान दळणाबरोबर फुकट मिळतो, त्याची सवय असते. पण एवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला, “कुणाची गं तू?” आणि माझा रविवार संपला.

त्या आमच्या अंगणवाडीच्या बाई. निवृत्त होऊन काळ लोटला, पण गल्लीत त्यांचं नाव अजून ‘बाई’च. अंगणवाडी योजना देशात १९७५ साली सुरू झाली आणि बाईंचं बोलणं ऐकलं तर ती त्यांना विचारूनच सुरू झाली. गल्लीतली निम्मी पोरं त्यांनी काट्याला टांगलेली. तो काटा आठवतो का कुणाला? आढ्याला हूक, हुकाला घड्याळासारखी तबकडी, तबकडीला कापडी झोळी, झोळीला दोन भोकं. भोकांतून पाय बाहेर काढून पोराला लोंबकळत ठेवायचं, ते किंचाळत असतानाच आकडा टिपायचा. मग तक्त्यावर ठिपका. हिरव्या पट्ट्यात ठिपका पडला तर पोर बरं, पिवळ्यात पडला तर आईला बोलणी, लाल म्हणजे बाई घरी येणार.

मी नाव सांगितलं. बाईंनी लगेच ओळखलं.

“हिला मी झोळीत घातलीय,” त्यांनी रांगेला सांगितलं. “भर झोळीत मुतली होती. माझी साडी नवी होती.”

रांगेत माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलाची आई होती. आमच्या ऑफिसातला शिपाई होता. तो माझ्याकडं बघणं टाळत होता, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

“काय दळूलालीस?” बाई.

मी प्रोटीनचं सांगितलं. सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, डाळीत बावीस-चोवीस, ओट्समध्ये तेरा, वरून अंडं घातलं की आणखी सहा. मला वाटलं, आकडे ऐकून बाई गप्प बसतील. बाईंची सगळी नोकरी आकड्यांत गेलेली.

“हेच पीठ आम्ही फुकट वाटूलालो होतो,” त्या म्हणाल्या. “पौष्टिक आहार. पिशवी घरी न्यायची आणि आया म्हशीला घालायच्या. म्हशी बघ कशा झालेल्या त्या टायमाला.” मग जरा थांबून, “तुझी आई पण.”

“आई म्हशीला घालायची?”

“तुमची म्हस न्हवती. शेजारणीला द्यायची. तिच्या म्हशीला.”

म्हणजे माझ्या स्नायूंची झीज नेमकी कुठून सुरू झाली याचाही तिथंच निकाल लागला. शेजारच्या म्हशीपासून.

“बरं, तुला किती पाहिजे प्रोटीन?” बाई.

मी फोन काढून वाचलं की २०२० च्या सरकारी शिफारशीप्रमाणे वजनाच्या एका किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम.

“आमच्या वेळी एक ग्रॅम होतं,” बाई म्हणाल्या. “महागाईनं कमी केलं असंल सरकारनं.” कुणीतरी ‘व्हय व्हय’ म्हणालं. गिरणीत सरकारबद्दल काहीही म्हटलं तर कुणीतरी व्हय म्हणतंच.

“आणि वजन किती तुझं?”

मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. सकाळीच बघितलेलं.

“मग हिशोब कसा करणार? चढ की काट्यावर.”

आता हा काटा कसा आहे ते सांगायला पाहिजे. जमिनीवर लोखंडी फळी, त्यावर गव्हाची पोती ठेवतात. शेजारी दांडा, दांड्याच्या टोकाला लाल आकडे. आणि गिऱ्हाईकाला फसवल्याचा आळ नको म्हणून अण्णांनी आकड्यांचं तोंड रांगेकडं केलेलं. प्रामाणिक माणूस. एवढा प्रामाणिकपणा कुणी मागितला होता?

मी म्हटलं, “नको बाई, असू दे.” ज्वारीवाले काका म्हणाले, “चढा की, लवकर आटपंल.” अण्णांनी फळीवरचं पोतं बाजूला ओढलं. चप्पल काढायला बाईंनी स्वतः सांगितलं, “नाहीतर पाव किलो जास्त दाखवंल.” आणि मी चढले. का चढले? बाईंनी चढ म्हटलं की शहापुरात माणूस चढतो. त्या आवाजात डोस पाजलेत त्यांनी आम्हाला.

आकडा इथं लिहीत नाही. बाईंनी तो मोठ्यानं वाचला. आत मशीनच्या आवाजात अण्णांना ऐकू गेला नाही म्हणून त्यांनी “एष्टु?” असं विचारलं, तेव्हा रांगेतल्या एकीनं तो कन्नडमध्ये पुन्हा सांगितला. दोन्ही भाषांत माझं वजन सारखंच भरलं. सीमाभागात एवढा एकमताचा आकडा मी तरी दुसरा बघितलेला नाही.

“झोळीत असताना हिरव्यात होतीस,” बाई म्हणाल्या. एवढंच. पुढचं रांगेनं आपलं आपण लावून घेतलं.

मला राग कशाचा आला ते नंतर सायकलवरून पिशवी सांभाळत येताना कळलं. ज्वारीवाल्या काकांचं पोट त्यांच्या आधी गिरणीत शिरलं होतं. त्यांना कुणी चढ म्हटलं नाही. कुणाचं काही म्हणणंच नव्हतं. पुरुषाचं पोट म्हणजे खाऊनपिऊन सुखी, आणि बाई काय खाते, किती खाते, कशाला खाते, हे गल्लीनं मोजायचं. लग्नाआधी ‘खात नाहीस का गं’, बाळंतपणानंतर ‘जरा कमी खा’, आणि आता चाळिशीत ती स्वतःहून बरं काही खायला निघाली तर तिची फळीवर चढून तपासणी. बाईंनी आयुष्यभर चांगलंच काम केलं, हे मला मान्य आहे. काकांच्या घरी त्या लाल ठिपक्याचं सांगायला कधी गेल्या नाहीत, एवढंच म्हणते.

असो. दळलं शेवटी. तोड बाईंनीच काढली. अण्णांकडच्या मूठ-दोन मूठ गव्हात सोयाबीन मिसळायचं, ओट्स हातानं चाडीत ढकलत राहायचं, आणि माझं झालं की आणखी मूठभर गहू फिरवून मशीन धुऊन घ्यायचं, मग काकांची ज्वारी. त्या गव्हाचे पैसे माझ्याकडून. माझ्या आधी कुणाची तरी नाचणी होती, तिचं मागं राहिलेलं पीठ माझ्यात आलं. म्हणून माझं महागडं पीठ राखाडी निघालं.

पॅनकेक चांगले झाले. हे आवर्जून सांगते, कारण गल्लीत वेगळीच बातमी आहे. पीठ, दही, एक अंडं, कुस्करलेलं पिकलं केळं, किसलेलं पनीर आणि चिमूटभर बेकिंग पावडर. भिजवून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, ओट्स पाणी पितात. गॅस मंद. वर बुडबुडे येऊन फुटले आणि कडा कोरड्या दिसल्या की उलटायचं. वरून साखरेचा पाक बिक नाही. कच्चं सोयाबीन मात्र आधी चांगलं भाजून घ्यायला पाहिजे, नाहीतर उग्र लागतं आणि पोटाला जड. मी भाजून नेलं होतं. अण्णांनी ते विचारलंच नाही.

व्हे पावडर घातली नाही. एक तर ती मोठ्या आचेवर चामट होते. दुसरं म्हणजे किंमत. चीज करताना जे पाणी उरतं तेच वाळवून किलोला दोन-तीन हजारांना विकतात. आमची आजी पनीरचं पाणी कणकेत घालायची आणि त्याचे कुणाकडून पैसे घ्यायची नाही.

नवऱ्यानं खाल्ले. म्हणाला, “बरे आहेत. पण गोकाकचा करदंट काय वाईट होता? बदाम, काजू, डिंक, सगळं प्रोटीन.” त्यात गूळ किती असतो हे त्याला दिसत नाही. सासूबाईंचं म्हणणं, कुंदा म्हणजे नुसता खवा, खवा म्हणजे दूध, आणि दुधात प्रोटीन असतं हे डॉक्टरच सांगतात. आमच्याकडं कुंदा, करदंट, मांडे यांना कुणी कसला हिशोब विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत मांडा मोडून त्यावर तूप-दूध ओतून खाताना कुणी कुणाला काट्यावर चढवल्याचं ऐकिवात नाही. मी केलेल्या पॅनकेकात मात्र लेकानं प्रोटीन मोजलं, एकेकात किती म्हणून, आणि केळं, दही, गहू, नाचणी वजा जाता त्या नव्या पाटीवर मराठी आहे तेवढंच निघालं. आहे, पण कोपऱ्यात.

पीठ संपलं. कपलर अजून आलेला नाही. आमच्या गिरणीत परत जायचं धाडस नव्हतं, कारण बाई तिथं रोज बाकावर असतात, आणि मुलाच्या वर्गातल्या त्या आईनं मला शाळेच्या गेटवर “कमी झालं का हो?” असं मायेनं विचारलं होतं. म्हणून यावेळी खासबागेतल्या गिरणीत गेले. तिथं मला कुणी ओळखत नाही. गिरणी लहान, रांग नाही, बाक नाही. मी पिशवी उघडली. गिरणीवाल्यानं ओट्सकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एकदम अदबीनं उठून उभा राहिला.

“आक्का, दळून देतो,” तो म्हणाला. “पण आमचा काटा पन्नास किलोचाच हाय हं.”