‘ज्युनिअरला पैसे कशाला?’ या संदेशाचा प्रतिवाद

नागपूरच्या वकिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरणाऱ्या आणि सीनियर वकिलांच्या हाताखालच्या नवख्या ज्युनिअरना मानधन कशाला असे विचारणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे : आम्ही पाच वर्षे फुकट फायली उचलल्या म्हणून वकील झालो, सीनियर शिकवतो हेच मानधन, पैशांची घाई असेल त्याने जोडीला दुसरे काही करावे, हुशार माणसाला कामे आपोआप मिळतात.

शिकवणे हेच मानधन, यात अर्धे तथ्य आहे. उलटतपास कुठे थांबवावा हे सीनियरच्या मागे उभे राहूनच कळते, आणि त्याबद्दल मी स्वतः ऋणी आहे. परंतु सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहणे, नकलेसाठी अर्ज देणे, फायलिंगमधील त्रुटी दूर करणे आणि सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकले असता पुकारा होताच उभे राहून तारीख मागणे, ही कामे शिक्षण म्हणून पहिले दोन-तीन महिनेच पुरतात. पुढे ती निव्वळ कामे असतात आणि पक्षकाराने दिलेल्या फीमध्ये त्यांचा मोबदला आलेला असतो.

‘दुसरे काही करावे’ असे सुचवणाऱ्यांनी बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेचे नियम पुन्हा वाचावेत. नियम ४९ नुसार वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि नियम ४७ नुसार स्वतः धंदा चालवता येत नाही. कायदा शिकवायची मुभा आहे, तीही दिवसाला तीन तासांपर्यंत. कामे आपोआप मिळण्याचे म्हणाल, तर नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो. मग काम येते ते ओळखीने, आणि ओळखी बहुधा घरातूनच मिळतात.

‘आम्हीही सोसले’ हा युक्तिवाद मला सर्वांत दुबळा वाटतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतील प्रकरणे येतात, त्यामुळे गडचिरोली-गोंदियाची मुलेही येथे येतात. ज्याचे घर नागपुरातच धरमपेठेत आहे आणि ज्याला खोलीचे भाडे व मेसचे पैसे भरायचे आहेत, त्या दोघांची पाच वर्षे सारखी नसतात. वकिली सोडून गेलेले या गटांत नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले, पण ते बंधनकारक नाही. जिल्हा न्यायालयातील अनेक सीनियरांना तेवढे परवडणार नाही, हे मला मान्य आहे. ऑटोभाडे आणि झेरॉक्स यांचा खर्च तरी ज्युनिअरच्या खिशातून जाऊ नये, एवढे कोणालाही जमते.

शिवाय २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तिचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घेऊन न्यायिक अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेता येतो, म्हणजे न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या ज्युनिअरला तो बहुधा त्याच सीनियरकडे मागावा लागेल, ज्यांच्याकडे मानधनाचा विषय काढायला तो आधीच कचरतो.