रब्बींना व्याकरण येत नव्हतं म्हणे!

एक मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे मध्ययुगातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, बायबलचा अर्थ नुसत्या दंतकथांवरून लावायचे, हिब्रूचं व्याकरण त्यांच्या गावीही नव्हतं, जे काही होतं ती अरबांची कॉपी, आणि खरं व्याकरण 1506 मध्ये योहान रॉइखलिन नावाच्या जर्मन विद्वानाने लिहिलं. एकेक घेऊ.

गावीही नव्हतं? अहो, 10व्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबात यावरून कडाक्याची भांडणं झालीत. मेनाहेम बेन सारूकने हिब्रूचा कोश केला, दुनाश बेन लब्रात त्याच्यावर तुटून पडला, मग दोघांचे शिष्यही एकमेकांवर. मेनाहेम तर एका अक्षराचे धातूसुद्धा मानायचा. मग यहूदा हय्यूज म्हणाला की क्रियापदाचा धातू तीन अक्षरांचाच असतो, फक्त काही अक्षरं कच्ची असतात, ती गळतात नाहीतर शेजारच्यात मिसळतात. ‘वय्याख’ म्हणजे ‘त्याने मारलं’, यातून पुढे जोडलेलं काढून टाकलं की हातात एकच ‘ख’ उरतो, पण धातू आहे न-क-ह (हिब्रूत हा ‘ख’ आणि ‘क’ एकच अक्षर). असं कळलं की अडलेला शब्द कुठल्या घरातला हे सांगता येतं, आणि अर्थाची अर्धी लढाई तिथेच असते.

अरबांची कॉपी हे अर्धं खरं. बगदादचा सादिया गाओन काय, स्पेनमधल्या सारागोसाचा इब्न जनाह काय, दोघा ज्यू पंडितांनी व्याकरण अरबीतच लिहिलं आणि चौकट तिकडची घेतली, लपवाछपवी काही नाही. पण संधी, समास, धातू हे शब्द संस्कृतातून आले म्हणून मराठी व्याकरणाला कोणी कॉपी म्हणतं का?

आता अर्थ लावण्याचं. इथे मेसेजवाला साफ आपटतो. राशी (1040–1105), फ्रान्समधल्या त्र्वा गावचा बायबलचा भाष्यकार. बायबलचं पहिलंच वाक्य, ‘प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली’. राशी म्हणतो, तसं म्हणायचं असतं तर ‘बारिशोना’, म्हणजे ‘सगळ्यात आधी’, लिहिलं असतं, ‘रेशीत’ हा शब्द कायम पुढच्याला जोडून येतो, ‘अमक्याचा आरंभ’ असा, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर यात षष्ठी दडलीये. मग वाक्य होतं ‘देव निर्माण करू लागला तेव्हा’, आणि आधी काय नंतर काय हे ते सांगतच नाही. पुरावा? दुसऱ्या ओळीत पाणी हजर, ते कधी केलं याचा पत्ता नाही.

‘एलोहीम’, म्हणजे देव, हे रूप बहुवचनी. ख्रिस्ती वादात यातून त्रैक्य, म्हणजे एकाच देवाची तीन रूपं, काढलं जायचं. राशी दाखवतो की मोठेपणाचे, मालकीचे शब्द बहुवचनात येतात, म्हणजे जवळपास आपलं आदरार्थी बहुवचनच, फरक इतकाच की आपण ‘साहेब आले’ म्हणताना क्रियापदही बदलतो, आणि तिथे ‘निर्माण केलं’ हे क्रियापद एकवचनीच राहतं. तेच एकवचन त्याचं उत्तर. फ्रान्समधल्या नार्बोनचा व्याकरणकार दाविद किमही तर बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या ‘अल्मा’वर ठाम होता, ज्यात ख्रिस्ती लोक कुमारी मातेचं भाकीत वाचतात: हे ‘एलेम’ म्हणजे तरुण याचं स्त्रीलिंगी रूप, तरुणी, ‘कुमारी’ असा अर्थ त्यात नाही.

दंतकथा होत्याच की, राशीच्या भाष्यात तर भरपूर. पण त्याचा नातू राशबाम लिहून गेलाय की आजोबांनी माझ्याशी बोलताना कबूल केलं, वेळ असता तर सरळ अर्थाची नवी भाष्यं लिहायला हवीत. स्पेनचा भाष्यकार इब्न एझ्राही व्याकरणाच्या दोरांनी भाष्य बांधतो म्हणाला खरा, पण धर्मकायद्याचा प्रश्न आला की परंपरेपुढे मान तुकवायचा.

राहिला रॉइखलिन. त्याचं 1506चं पुस्तक मुख्यतः याच किमहीवर उभं आहे. आणि 1498 मध्ये रोमला गेला तेव्हा त्याने हिब्रूची शिकवणी लावली ती ओवादिया स्फोर्नोकडे, जो स्वतः रब्बी आणि बायबलचा भाष्यकार.