बर्नींची उमेदवारी ‘चोरली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘बर्नी सँडर्स दोनदा जिंकले, दोन्ही वेळा पक्षाने त्यांची उमेदवारी चोरली’ असा एक लांबलचक मजकूर अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. बर्नी म्हणजे व्हरमाँटचे पुरोगामी सिनेटर; २०१६ आणि २०२० मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. २०२८ ला बर्नींच्याच वळणाच्या खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ उभ्या राहणार का, ही चर्चा सुरू झाल्यापासून तर त्या मजकुराला ऊत आलाय. मूळ इंग्रजी असावा, कुणीतरी हौसेने मराठीत आणलाय आणि शेवटी लाल रंगाची तीन उद्गारचिन्हं ठोकली आहेत. मी असले मजकूर वाचत नाही. पण हा माझ्या भाचीने वाचला. ती इथेच जन्मली, न्यू जर्सीत मतदार म्हणून तिची नोंद आहे, आणि आता म्हणते, “मामा, प्रायमरीला जाऊन काय करू? सगळं आधीच ठरलेलं असतं.” (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान.) म्हणून हा खटाटोप.

मजकुरात दावे पाच आहेत. एक, २०१६ मध्ये एक्झिट पोलनुसार, म्हणजे मत देऊन बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनुसार, बर्नी जिंकले होते, मोजणीत घोटाळा झाला. दोन, सुपरडेलिगेटांनी, म्हणजे मतदानाने न ठरणाऱ्या पक्षातल्या वजनदार प्रतिनिधींनी, बर्नींच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना जिंकवलं. तीन, २०२० मध्ये ओबामांच्या एका फोनवर बाकीच्या उमेदवारांनी जो बायडेन यांच्यासाठी माघार घेतली. चार, दक्षिणेतले काळे मतदार वरून सांगतील तिथे शिक्का मारतात, म्हणून पुरोगामी माणूस तिथे जिंकूच शकत नाही. आणि पाच, म्हणून प्रायमरीत मत देणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

आधीच सांगतो, मी २०१६ ला बर्नींनाच मत दिलं होतं. न्यू जर्सीत त्यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, त्यातलं एक माझं. तेव्हा ‘हा हिलरीचा माणूस’ हे उत्तर कृपा करून देऊ नका.

पहिला दावा पटकन संपवतो. ‘स्टॅनफर्डचा अभ्यास’ म्हणून जो नाचवला जातो तो दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला निबंध होता, त्यांतला एक स्टॅनफर्डचा. शोधपत्रिकेत तपासून छापून आलेलं काम नव्हे. अमेरिकेतले एक्झिट पोल चोरी पकडण्यासाठी घेतलेच जात नाहीत. कोणत्या वयाने, कोणत्या वर्गाने कुणाला मत दिलं हे समजावं म्हणून घेतात. केंद्राबाहेर फॉर्म भरायला तरुण मंडळी थांबतात, साठीच्या आजी सरळ गाडीत बसतात. बर्नींचे मतदार कोण होते? तरुण. पुढचं गणित ज्याचं त्याने करावं.

आणि प्रत्यक्ष मतं? केंद्रीय निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीनंतर राज्याराज्यांचे अधिकृत आकडे एका जागी छापतो. २०१६ च्या प्रायमरीत क्लिंटन यांना १ कोटी ७० लाखांच्या आसपास, सँडर्स यांना १ कोटी ३२ लाखांच्या आसपास. फरक ३५ लाखांहून जास्त. यावर ग्रुपातला एकजण लगेच म्हणाला, ‘यात कॉकसची मतं धरलेली नाहीत, कॉकस तर बर्नींनी जिंकले!’ बरोबर, जिंकले. आता तेच बघू. वॉशिंग्टन राज्यात २०१६ च्या मार्चमध्ये कॉकस झाला. शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन तास-दोन तास बसायचं, वाद घालायचा, मग डोकी मोजायची. सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि बर्नींना ७० टक्क्यांहून जास्त पाठिंबा मिळाला. त्याच राज्यात मे महिन्यात पोस्टाने प्रायमरीही झाली. तिच्यावर एकही डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारा प्रतिनिधी, ठरणार नव्हता, तरी सुमारे ८ लाख लोकांनी मत दिलं आणि क्लिंटन पुढे राहिल्या. नेब्रास्कातही हेच झालं: कॉकस बर्नींचा, नंतरची प्रायमरी क्लिंटन यांची. म्हणजे ज्या पद्धतीत रात्रपाळीची नर्स, लहान मुलांची आई, गुडघे दुखणारे आजोबा येऊ शकत नाहीत, त्या पद्धतीत आपला उमेदवार जिंकला. नियम पक्षपाती होते म्हणायचं असेल तर हा पक्षपात आपल्या बाजूचा होता. हे त्या मजकुरात कुठे आहे?

दुसऱ्या दाव्यात मात्र अर्धं तथ्य आहे, आणि ते मान्य करताना मला आजही चीड येते. न्यू हॅम्पशायरमध्ये बर्नींना ६० टक्के मतं पडली, मतदानातून १५ डेलिगेट मिळाले आणि क्लिंटन यांना ९. टीव्हीवर मात्र आकडा झळकला १५-१५, कारण सहा सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले नेते, क्लिंटन यांच्या खात्यात धरले होते. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात ७ जूनला मतदान होतं. ६ जूनच्या रात्रीच वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेटांची गोळाबेरीज करून क्लिंटन यांना विजयी घोषित केलं. आम्ही सकाळी मत द्यायला गेलो तेव्हा निकाल शिळा झालेला! पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्त्झ यांच्या कार्यालयातली मंडळी बर्नींना पाण्यात पाहत होती हे फुटलेल्या ईमेलांतून दिसलं आणि अधिवेशनाच्या तोंडावर बाईंना पायउतार व्हावं लागलं. पक्षाच्या पदाधिकारी डॉना ब्राझील यांनी सीएनएनवरच्या चर्चांचे प्रश्न क्लिंटन यांच्या गोटाला आधी पोचवले, हेही खरं. ब्रुकलिनच्या मतदारयादीतून लाखावर नावं उडाली. न्यू यॉर्कात एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. हे सगळं लाजिरवाणं आहे.

पण सुपरडेलिगेटांमुळे निकाल फिरला का? नाही. त्यांना पूर्ण वगळून, फक्त मतदानातून ठरलेले डेलिगेट मोजा: क्लिंटन २२०५, सँडर्स १८४६. उलट मे महिन्यात बर्नींचा गोटच सुपरडेलिगेटांना विनवत होता की तुम्ही निकाल आमच्याकडे फिरवा. आणि पुढे २०१८ मध्ये, बर्नींच्याच लोकांच्या रेट्यामुळे, पक्षाने नियम बदलला: अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत निकाल आधीच स्पष्ट नसेल तर सुपरडेलिगेटांना मत नाही. एवढी मोठी जिंकलेली लढाई हा मजकूर सांगतच नाही, कारण मग रडायला काही उरत नाही.

आता तिसरा, फोनचा. २०२० मध्ये २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडेन मोठ्या फरकाने जिंकले. १ मार्चला पीट बुटिजेज, २ मार्चला एमी क्लोबुशार बाहेर पडले आणि दोघांनीही डॅलसमध्ये बायडेन यांच्या शेजारी उभं राहून पाठिंबा दिला. ३ मार्चच्या सुपर ट्यूझडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत होणाऱ्या मतदानात, १४ पैकी १० राज्यं बायडेन यांची. बुटिजेज बाहेर पडले त्या रात्री ओबामा त्यांच्याशी बोलले, हे वर्तमानपत्रांत आलं आहे. बरं, मग? हरणारे उमेदवार जवळच्या माणसाला पाठिंबा देतात, याला जगात सगळीकडे राजकारण म्हणतात. पुरोगामी एलिझाबेथ वॉरन मैदानात राहिल्या म्हणून बर्नींची मतं फुटली असं म्हणताना मध्यममार्गी ब्लूमबर्गही त्या दिवशी मैदानात होते आणि बायडेन यांचीच मतं खात होते, हे सोयीने विसरतात.

मतं फुटण्याचा फायदा कुणाला कसा होतो हे मराठी माणसाला तरी सांगायला नको. बेळगावचे आपले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पुरोगामी म्हणून उतरले आणि तिसरे आले. बर्नींनी पाठिंबा दिलेले अब्दुल अल-सईद दुसरे आले, ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात उमेदवारांची एवढी गर्दी झाली की ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर प्रायमरी जिंकून काँग्रेसमध्ये गेले. तेव्हा याच ग्रुपांवर पेढे वाटले गेले. बाकीच्या सगळ्यांनी एकत्र येऊन एकाला पुढे केलं असतं, तर त्याला आपण चोरी म्हटलं असतं का?

खरा प्रश्न असा की समोर एकच माणूस उरल्यावर काय झालं? मिशिगनमध्ये २०१६ ला बर्नींनी ८३ पैकी ७३ काउंट्या (म्हणजे जिल्हे) जिंकल्या होत्या, तेही सगळ्या पाहण्या क्लिंटन यांना वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत असताना. १० मार्च २०२० ला, थेट लढतीत, बायडेन यांनी ८३ च्या ८३ घेतल्या. हा फोनचा प्रताप नाही. सुपर ट्यूझडेच्या दुसऱ्या दिवशी बर्लिंग्टनमध्ये पत्रकारांनी विचारलं तेव्हा बर्नी स्वतःच म्हणाले की तरुणांना मतदानाला आणण्यात हवं तेवढं यश आलेलं नाही. त्यांनी कुणावर चोरीचा आळ घेतला नाही. त्यांच्या नावाने रडणाऱ्यांनी निदान त्यांचं तरी ऐकावं.

चौथ्या दाव्यापाशी मला थांबायचंच आहे, कारण तो नुसता चूक नाही, घाणेरडा आहे. ‘काळे मतदार सांगतील तिथे मत देतात.’ साउथ कॅरोलायनाचे काळे खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडेन यांना पाठिंबा दिला आणि साउथ कॅरोलायना वळली, हा याचा पुरावा. पाठिंब्याचा उपयोग झाला, नाही कोण म्हणतं. पण त्या राज्यात बायडेन वर्षभर पाहण्यांत पुढेच होते.

जरा मागे जाऊ. २००८. हिलरी क्लिंटन यांच्यामागे तेव्हाही काळ्या नेत्यांची रांग होती. त्यात जॉन लुइस होते, नागरी हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांकडून डोकं फोडून घेतलेले, ज्यांच्या शब्दाला दक्षिणेत तोड नव्हती. मतदारांनी काय केलं? साउथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के, क्लिंटन यांना त्याच्या निम्मी. क्लायबर्न तेव्हा तटस्थ होते. जॉर्जियातही ओबामा, लुइस यांच्या स्वतःच्या मतदारसंघातही ओबामा. त्यानंतर लुइस यांनी बाजू बदलली. कुणी कुणाला सांगितलं मग?

आणखी मागे, १९८८. उमेदवारी मागणारे काळे नेते जेसी जॅक्सन. साउथ कॅरोलायनाच्या ग्रीनव्हिलमध्ये जन्मलेले. सर्वांना आरोग्यविमा, संरक्षणखर्चात कपात, श्रीमंतांवर जास्त कर, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारविरुद्ध निर्बंध: आज ज्याला ‘बर्नीचा अजेंडा’ म्हणतात तो हा माणूस तेव्हा घेऊन फिरत होता. त्यांना सत्तर लाखांच्या आसपास मतं पडली. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, व्हर्जिनिया त्यांनी जिंकली, साउथ कॅरोलायनाचा कॉकसही. पक्षाची सगळी वरची मंडळी विरोधात असताना. आणि तिकडे उत्तरेला, जवळजवळ सगळेच गोरे असलेल्या व्हरमाँटमध्ये, बर्लिंग्टनचा एक महापौर त्यांच्यासाठी कॉकसमध्ये उभा राहिला आणि व्हरमाँटचा कॉकसही जॅक्सन जिंकले. त्या महापौराचं नाव बर्नी सँडर्स. म्हणजे ज्या मतदारांना हा मजकूर ‘पुरोगाम्यांना मत न देणारे’ म्हणतो, ते बर्नींच्याही आधीपासून पुरोगामी मत देत होते. त्यांना बर्नी पटले नाहीत, एवढंच. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या दहातल्या आठाहून अधिक काळ्या मतदारांनी क्लिंटन यांना निवडलं. चार वर्षं हातात असूनही २०२० मध्ये बर्नी त्यांच्यात पाचातला एकही मतदार मिळवू शकले नाहीत. चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात वर्षानुवर्षं जाऊन बसावं लागतं, ते झालं नाही.

सांगितलेलं न ऐकण्याचं एक उदाहरण बर्नींच्याच बाजूचं आहे. २०२० मध्ये नेवाडात लास व्हेगासच्या हॉटेल-कामगारांच्या बलाढ्य युनियनने पत्रकं वाटली की बर्नींच्या आरोग्ययोजनेमुळे तुमचा युनियनचा विमा जाईल. कॉकसच्या दिवशी कॅसिनोंमधल्या बहुतेक केंद्रांवर त्याच कामगारांनी, त्यात लॅटिनो बायाबापडे भरपूर, बर्नींना जिंकवलं. तिथे त्यांचे कार्यकर्ते कित्येक महिने स्पॅनिशमधून दारोदार फिरले होते. लास व्हेगासची सफाई-कामगार स्वतःच्या डोक्याने मत देते आणि साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची शाळामास्तरीण मात्र मेंढरू, असं कसं? इकडे आपल्याकडेही ‘ते गठ्ठ्याने मत देतात’ असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांच्या वस्तीत बोलणारा कधी गेलेला नसतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या चार बेडरूमच्या घरात बसून हे बोलणं तर अधिकच ओंगळ.

पाचवा दावा, मत न देण्याचा. २०२५ च्या जूनमध्ये न्यू यॉर्क शहरात झोहरान ममदानी यांनी प्रायमरीत अँड्र्यू कुओमो यांना हरवलं. माजी गव्हर्नर, पैसा, पक्षातली मोठी नावं, सगळं कुओमोंकडे होतं. ममदानी स्वतःला समाजवादी म्हणवतात आणि नोव्हेंबरात ते महापौरपदी निवडून आले. शहर म्हणजे देश नव्हे, हे खरं; साउथ कॅरोलायनातल्या मतदारांना पटवायचं काम अजून बाकीच आहे. पण प्रायमरी ‘आधीच ठरलेली’ असती तर ही कुणी ठरवली होती?

आणि ठरवाठरवीच शोधायची तर ती आमच्या अंगणातच होती. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं काउंटीतला पक्ष आपल्या लाडक्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एका ठसठशीत रांगेत छापायचा आणि बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलायचा. २०२४ मध्ये सिनेटची उमेदवारी मागणाऱ्या अँडी किम यांनी कोर्टात जाऊन ती रांग डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती मोडली, पुढच्या वर्षी कायदाच बदलला. ही खरीखुरी सिद्ध झालेली लबाडी. त्या मजकुरात तिच्यावर एक ओळ नाही, कारण लिहिणाऱ्याने प्रायमरीची मतपत्रिका बहुधा हातातच धरलेली नाही.

भाचीसाठी एवढंच: न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो. आधीच दुसऱ्या पक्षात नाव असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदलावं लागतं. तुझं नाव कशात आहे ते आज रात्री बघ आणि मला कळव.