‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जॉर्जिया या देशातल्या रुस्तावी-२ या टीव्ही वाहिनीचे निवेदक गिओर्गी सानाया यांचा २००१ साली खून झाला. त्यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ अशा टोपणनावाने एका वाचकांनी लिहिलंय: "खून खासगी कारणातून झाला, कोर्टाने आरोपीला शिक्षाही दिली. पुण्यात बसून हुतात्मे घडवणं थांबवा." पुढे रुस्तावी-२ वाहिनी पक्षपाती होती, लेख लांबला, जॉर्जियाशी आपलं काय देणंघेणं, वगैरे.

महोदय, मतभेदाचं वावडं नाही. पण ‘थांबवा’ हा हुकूम कुणाला? मी काय आपल्या पदरी नोकरीला आहे? शीर्षकातलं ‘हुतात्मा’ जरा भडक झालं, हे मान्य. झालं समाधान?

आता कोर्टाचं. २६ जुलै २००१ ला सानाया राजधानी तिबिलिसीतल्या राहत्या घरी गोळी घातलेल्या अवस्थेत सापडले. वय अवघं २६. ‘नाइट कुरियर’ या बातम्यांच्या कार्यक्रमाचा चेहरा म्हणून देशभर ओळखले जायचे. जुलै २००३ मध्ये ग्रिगोल खुर्त्सिलावा याला १३ वर्षांची शिक्षा झाली. हा माणूस राज्याच्या सुरक्षा खात्यातला माजी कर्मचारी, ही गोष्ट आपण सोयीस्कर गाळलीत. गोळी कुणी घातली ते कोर्टाने सांगितलं. कारण खासगी होतं, हे सानायांच्या सहकाऱ्यांना कधीच पटलं नाही, आणि मी लेखात नेमकं एवढंच लिहिलं होतं. परत वाचा.

का पटलं नाही? खुनाला जेमतेम तीन महिने होतात तोच, ३० ऑक्टोबरला, सुरक्षा मंत्रालयाची माणसं करतपासणीच्या नावाखाली रुस्तावी-२ च्या दारात उभी राहिली. वाहिनीने तो छापा थेट दाखवला. लोक रस्त्यावर उतरले आणि १ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झेंना अख्खं मंत्रिमंडळ घरी पाठवावं लागलं. एवढा राग काय आकाशातून पडला? २०२१ मध्ये तिथल्याच ‘पिरवेली’ वाहिनीचे कॅमेरामन लेक्सो लाश्कारावा यांना जमावाने बेदम मारलं आणि सहाव्या दिवशी ते घरी मृतावस्थेत सापडले. सरकार म्हणालं, अमली पदार्थांचा अतिरेक. सहकाऱ्यांचा तेव्हाही विश्वास बसला नाही. आपण असता तर लगेच बसला असता.

आणि ‘पुण्यात बसून’? मी तालुक्याच्या केबल चॅनेलवर बातम्या वाचून वर आलोय. वाळूच्या लिलावाची बातमी लावली तेव्हा दोन गृहस्थ ऑफिसात आले, चहा घेतला, बशीत ओतून निवांत प्यायले आणि जाताना माझ्या मुलीच्या शाळेची सुटण्याची वेळ मलाच सांगून गेले. तक्रार नोंदवायला गेलो तर ‘तुमचं काही खासगी वैर आहे का?’ असं विचारण्यात आलं. त्यामुळे ‘खासगी’ म्हटलं की माझे कान टवकारतात. आपल्यावर अशी वेळ आलेली दिसत नाही, सुखी आहात.

रुस्तावी-२ सरकारविरोधी होती? होतीच. १९९६ साली परवाना काढून घेतला होता, कोर्टात झगडून परत मिळवला. मग काय आरत्या ओवाळायच्या होत्या? लांबीबद्दल बोलत नाही, कुणी बळजबरीने वाचायला बसवलं नव्हतं.

यापुढे लिहायचं असेल तर नावानिशी लिहा. टोपणनावाला हे माझं शेवटचं उत्तर.