'खेकड्याला दुखत नाही' हे कशावरून?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय: 'कीटक, खेकडे, ऑक्टोपस यांना मेंदू नसतो. चटका बसल्यावर ते हलतात ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. त्यांना दुखत नाही, हे विज्ञानाने केव्हाच सिद्ध केलंय.'

'मेंदू नसतो.' या तिघांनाही असतो. मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख चेतापेशी असतात. ऑक्टोपसच्या शरीरात ५० कोटींच्या आसपास, त्यातल्या बहुतेक त्याच्या हातांमध्ये. बिनमेंदूचा प्राणी हवा होता, तर जेलीफिशचं नाव घ्यायचं.

'निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया.' खरा घोळ इथे आहे. गरम भांड्याला बोट लागलं की हात आपोआप मागे येतो; भांड्यात काय आहे याचा विचार तो करत नाही. आता रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा बघा. बेलफास्टचे संशोधक रॉबर्ट एलवुड आणि मिर्याम अपेल यांनी २००९ साली अशा खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे बारीक झटके दिले. नावडत्या जातीचा शंख खेकडे लवकर सोडत, आवडता सोडायला कचरत. जे आतच राहिले, त्यांच्यापुढे थोड्या वेळाने नवा शंख ठेवला. झटका न बसलेल्यांच्या मानाने ते त्याकडे लगेच गेले, फारसं चाचपून न बघता आत शिरले. झटका तर केव्हाच थांबला होता! घर किती चांगलं आणि त्रास किती, हे तोलणं प्रतिक्षिप्त क्रियेत कसं बसवायचं?

ऑक्टोपसचा पुरावा मला याहून अस्वस्थ करतो. संशोधक रॉबिन क्रूक यांच्या २०२१च्या प्रयोगात हाताला ॲसिडचं इंजेक्शन दिल्यावर ऑक्टोपस चोचीने तिथलीच कातडी काढत राहिले. टाकीच्या ज्या कप्प्यात हे झालं, तो आधी आवडीचा असूनही नंतर टाळू लागले. बधिर करणारं औषध दिल्यावर मात्र जिथे आराम पडला तो कप्पा त्यांना आवडू लागला.

'केव्हाच सिद्ध केलंय.' कोणी? कीटकांबाबत वाद आहे, तो लपवायचं कारण नाही: पाय चिरडलेला कीटक त्याच पायावर भार देऊन चालतो, ही नोंद खरी आहे. पण बंबलबी जातीच्या मधमाश्या तापवलेल्या जागी बसायचं टाळतात, आणि तिथलं साखरपाणी जास्त गोड असेल तर चटका सोसतात, हेही २०२२मध्ये दिसलं. त्याच वर्षी ब्रिटनने खेकडे, झिंगे आणि ऑक्टोपस यांना संवेदनशील प्राणी म्हणून कायद्यात घेतलं.