म्हणे, ओळखीवाचून टेंडर मिळत नाही

आमच्या एमआयडीसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. सरकारी पुरवठा साहेबाच्या ओळखीशिवाय मिळत नाही, लहान कारखान्याचा दर लागतच नाही, डिपॉझिटमध्ये भांडवल अडकतं आणि माल दिला तरी बिल निघत नाही. टाकणाऱ्या भाऊंना मी फोन करून विचारलं, आजवर टेंडरं किती भरली? म्हणाले, "एकही नाही रे भो, पण सगळ्यांना माहीतच आहे ना!" जळगावात स्टीलची कपाटं बनवतो आणि काही वर्षं सरकारी कामं करतो, म्हणून चार शब्द.

आधी ओळखीचं. काही टेंडरच्या अटी कुणाच्या तरी मापाने शिवलेल्या असतात, हे खोटं नाही. तिथे मुदतीच्या आत लेखी हरकत घ्यायची. पण माझं पहिलं टेंडर कुठल्या साहेबाने नाही, मीच घालवलं. पत्रा मागितला होता ०.८ मिमीचा. आमच्या धंद्यात सगळे गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या क्रमांकात, बोलतात, तसं मी '२२ गेज' लिहून मोकळा झालो. टेस्ट रिपोर्टवर जाडी आली ०.७२. तांत्रिक छाननीतच बाहेर, दराचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. महिनाभर मात्र 'आपला वशिला नव्हता' असंच सांगत फिरलो. आता पत्रा उतरला की आधी मायक्रोमीटर लागतो आणि आकडा वहीत चढतो.

तशीच गफलत उद्यम नोंदणीत, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, होते. नोंदणी फुकट आहे. पण घाईघाईत कुणाकडून तरी भरून घेतली की 'उत्पादन'ऐवजी 'व्यापार' पडतं. २०२१ पासून व्यापाऱ्यालाही उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या कर्जापुरतं. खरेदीतल्या सवलती त्यावर मिळत नाहीत.

दराचं म्हणाल, तर केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तिच्या दराने काही माल द्यायची संधी तुम्हाला मिळते. समजा तिचं कपाट ८,००० ला आणि तुमचं ९,००० ला आहे. तुम्ही हद्दीत आहात, पण द्यावं लागेल ८,००० लाच. तेवढ्यात परवडतं का, हे भरायच्या आधी मांडलं नसेल तर सवलत असून नसल्यासारखी. आणि एक लक्षात ठेवा. भुसावळची आयुध निर्माणी केंद्राची, दीपनगरचं वीज केंद्र राज्याचं. एकाच तालुक्यात नियमांची वही बदलते. जिल्हा परिषदेच्या टेंडरला केंद्राचा नियम दाखवून वाद घालणारे मी पाहिलेत.

डिपॉझिटची ओरड अर्धीच खरी. या धोरणात बयाणा रक्कम, म्हणजे टेंडर भरताना ठेवायचं डिपॉझिट, आणि टेंडर फी माफ आहे. काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नाही, ती बँक गॅरंटीने, म्हणजे बँकेच्या लेखी हमीने, देता येते. बँकेत आधीच बोलून ठेवा.

राहिलं बिल. उशीर होतो, दोन-तीन महिन्यांचं भांडवल हाताशी नसेल तर या धंद्यात पडूच नका. पण 'निघतच नाही' हे मला मान्य नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पैसे थकले तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. त्या अर्जाचा निकाल खरेदीदाराच्या विरोधात गेला आणि त्याला कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. लोक अर्ज करत नाहीत ते साहेब दुखावेल म्हणून, आणि ती भीती मलाही आहे.

पण दिवस कधीपासून मोजायचे? माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणजे माल कधी पोचला, याचा पुरावा तुमच्याकडे हवा. चलानवर तारखेसकट सही-शिक्का मिळाल्याशिवाय आमचा ड्रायव्हर गेटबाहेर गाडी काढत नाही. एकदा काढली होती. त्या बिलाला सात महिने लागले.