ढवळा घ्या, पवळा घ्या, पण मला विचारून घ्या

राजेहो, आखाजी झाली, वखरणी तोंडावर आली आणि कापसाच्या पट्टीतले थोडे पैसे अजून बायकोच्या डब्यात जिवंत आहेत. म्हणजे येत्या बाजाराला तुम्ही गोऱ्हे, म्हणजे पुढे बैल व्हायची वासरं, घ्यायला जाणार. जाण्याआधी दोन मिनिटं माझ्याजवळ बसा. मी आजवर सात गोऱ्हे घेतले आणि त्यातले पाच विकले. सातही चढत्या भावात घेतले, पाचही पडत्या भावात विकले. एकदाही चूक झाली नाही. इतका पक्का हात असलेला माणूस तुम्हाला अख्ख्या तालुक्यात मिळायचा नाही. उरलेल्या दोघांचं पुढे येईलच.

सुरुवात वाणापासून करा. आपल्या मातीतला वाण म्हणजे गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा आणि तिकडे छिंदवाडा-शिवनीकडचा भाग, हे त्याचं घर. रंग पांढरा नाहीतर राखाडी, तोंड लांबट, शिंगं आखूड, अंग सडपातळ, चाल झपाझप. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी लवकर पोचवायला हीच जनावरं असत, असं सांगतात. कुटारावर, म्हणजे मळणीच्या भुश्यावर, जगतो, ४५ अंशाच्या उन्हात धापा टाकत नाही. म्हणजे बघा, यात घेण्यासारखं काय आहे? पिकतं तिथं विकत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी काही उगाच नाही म्हटलं. आमच्या बाजारात गवळाऊ गोऱ्हा एका कोपऱ्यात उभा असतो आणि त्याचा मालक दुसऱ्याच्या खिल्लारकडे बघत असतो.

गडचिरोली-चंद्रपूरकडचे पाहुणे आले की त्यांच्या कठाणीचं कौतुक करतात. बुटकं, काटक जनावर. धानाच्या चिखलात पोटरीभर रुतूनही चालत राहतं. आता तर त्याचं नाव देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत गेलंय. यादीत नाव गेलं म्हणून बाजारात भाव येतो, असं समजणाऱ्यांनी गोऱ्हे घेऊ नयेत, निवडणुकीला उभं राहावं.

तुम्ही खिल्लार घ्या. माणदेशाकडचं जनावर, उंच, गोरंपान, आणि शिंगं अशी मागं वळून वर गेलेली की बघणाऱ्यानं नमस्कारच करावा. मी घेतला होता. घरी आणल्यावर कळलं की शिंगं गोठ्याच्या दारातून जात नाहीत. दाराची चौकट तोडली. चौकटीचे पैसे गोऱ्ह्याच्या किमतीत धरायचे नसतात, ते देवाच्या नावानं सोडून द्यायचे. जनावर कामाला वाईट नव्हतं हो, पण दीड गोऱ्ह्याचे पैसे देऊन मी एक गोऱ्हा आणि शिंगं घेतली होती.

शिवाय बापाची चौकशी करा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती, म्हणजे आपले शंकरपट, थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून आमच्या बाजारातल्या एकाही गोऱ्ह्याचा बाप साधा राहिलेला नाही. ज्याला त्याला विचारा, बाप तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावलेला. एकानं तर मला बापाचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्याच फोटोतला बाप मला त्या दिवशी तिघांनी दाखवला. बापाचे दहा हजार वेगळे द्या. तुम्हाला उभ्या पिकात डवरणी करायची आहे, पट पळवायचा नाही, असलं काही बोलून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

जर्सीच्या गोऱ्ह्याबद्दल थोडक्यात. गाय माजावर आली की आपण फोन करतो, संकरित वीर्याची सुई भरून घेतो आणि नऊ महिने देवाला कालवड मागतो. झाला गोऱ्हा, तर त्याला ना वशिंड, ना उन्हाची सोय. जू टेकायचं कशाला? मे महिन्यात सावलीतसुद्धा जीभ बाहेर. त्याचा बाजारभाव शून्य आणि शून्याला दलाली लागत नाही, तेवढाच फायदा. एका रात्री तो गावाच्या शिवेवर आपोआप सुटतो. कोणाच्या हातून सुटला ते सकाळी कोणालाच आठवत नाही. आता नव्वद टक्के कालवडच होईल अशी सुई आलीय. उरलेले दहा टक्के माझ्या गोठ्यात होतात, असा माझा अंदाज आहे.

आता मुख्य गोष्ट, अंग. माझा भाचा कृषीचं शिकतो. तो मला मोबाइलवर अमेरिकेतला वासरांचा लिलाव दाखवतो. तिकडे वासरू रिंगणात येतं, काट्यावर चढतं आणि भाव शंभर पौंड वजनामागे बोलतात. हाडापेराचे तीन वर्ग: मोठं, मध्यम, लहान. अंगावर मांस किती भरलंय त्याचे चार नंबर. एक नंबरवाल्याला पैसे जास्त, चार नंबरवाल्याकडे कोणी बघत नाही. काळ्या कातडीला चार पैसे वर. शिंगं असली तर भाव कमी, खच्ची केलेलं नसलं तर कमी, आणि वशिंड, लोंबते कान, गळ्याखाली पोळी दिसली तर आणखी कमी. मी म्हटलं, म्हणजे आपला पांढरा, शिंगाळ, वशिंडवाला, सडपातळ गोऱ्हा तिकडे नेला तर? भाचा म्हणाला, "मामा, उलटे तुमालेच पैसे द्या लागतीन." आणि गंमत अशी की तिकडच्या उष्ण भागात टिकावं म्हणून त्यांनी जी ब्रह्मन नावाची जात घडवली, ती आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलच्या रक्तातून. माहेरचं काही फुकट जात नाही, फक्त भाव सासरचे लोक ठरवतात.

त्यांचं एक बरं आहे, ते मांस विकत घेतात आणि मांसच तोलतात. आपल्याकडे २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या आणि गोऱ्ह्याच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे मांसाला कायद्यानं भावच नाही. पण बाजारात जाऊन बघा. माणूस येतो, जनावराच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो, थाप 'बद्द' वाजली की त्याचे डोळे चमकतात. घ्यायचं असतं ओढायला, पैसे देतो थुलथुलाटाला. मीही दिले.

झालं असं. माझी जोडी होती. त्यातला ढवळ्या गवळाऊ; तो मी चुकून घेतला होता, पैसे कमी होते म्हणून. चार वर्षं वखर, डवरा, तिफण, बंडी, काही म्हटलं तरी नाही म्हणाला नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, अंगभर गाठी उठल्या, बाजार बंद, आणि आठव्या दिवशी तो गेला. त्याचा या सल्ल्याशी काही संबंध नाही, सांगायचं एवढंच की मागे पवळ्या एकटा उरला.

आणि एका बैलाचा जोडीदार शोधणारा माणूस दलालाला कोसावरून ओळखू येतो. त्याची चाल वेगळी असते. तो गोऱ्ह्याकडे कमी बघतो आणि हातानं हवेत उंची मोजतो. तुम्ही असेच जा. दलाल मला सरळ पहिलवान नावाच्या गोऱ्ह्यापुढे घेऊन गेला. काय जनावर! चकचकीत, मांड्या गुबगुबीत, वशिंड मुंडाशासारखं, पोट तट्ट. पोटाचं रहस्य मला नंतर कळलं. पहाटे मीठ चारायचं, मग बादलीनं पाणी पाजायचं. बारा वाजेपर्यंत गोऱ्हा भरल्या रांजणासारखा दिसतो. महिनाभर सरकीची ढेप चारली की कातडीही तेल प्यायल्यासारखी होते. शिंगं काचेनं साळलेली, वरून तेलपाणी.

भाच्यानं मला टेप दिला होता. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, की वजन किलोत येतं. म्हणजे घेर ५० आणि लांबी ४० असली तर दीडशे किलोच्या आसपास. मी टेप काढला. आजूबाजूची माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, "सदरा शिवता का बाप्पा त्याले?" मी टेप खिशात ठेवला. तुम्ही तर नेऊच नका. भरल्या रांजणाचं वजनसुद्धा भरलंच येणार.

मग मी म्हटलं, दात बघू. गुरांना वर पुढचे दात नसतात, खाली आठ. दुधाचे असले तोवर अदंत. दोन-सव्वादोन वर्षांचा झाला की दोनदाती, मग चौदाती, सहादाती, आणि पाचाच्या आगेमागे आठही दात येऊन जुळतो. एवढं मला येतं. मालक म्हणाला, "पाह्य नं बाप्पा, पाह्य. पन मले सांग, दातानं वखर वढते का तो?" आजूबाजूचे हसले. हसणाऱ्यांसमोर गोऱ्ह्याचं तोंड उघडायची हिंमत लागते. माझ्याकडे नव्हती.

खरं तर बघायचं काय असतं ते माझ्या बापानं मला शिकवलं होतं. पाय सरळ आहेत का, खुर काळे आणि घट्ट आहेत का, बेंबीची झोळ लोंबते का, छाती पुढच्या पायांत रुंद आहे का. गोऱ्हा लवकर खच्ची केला तर वशिंड भरत नाही आणि मान बारीक राहते, म्हणून दोन-तीन वर्षं थांबलाय की नाही. आणि सगळ्यात शेवटी, जुंपून बघायचं. बापाच्या या सगळ्या गोष्टी माझ्या लक्षात होत्या, बाजारातून परत येताना बंडीत बसल्यावर. मी पाहिलं होतं ते कपाळावरच्या भोवऱ्याकडे. दलाल म्हणाला, असा भोवरा असलेलं जनावर घरात लक्ष्मी आणतं. लक्ष्मी तेव्हा माझ्या खिशातून त्याच्याकडे निघालीच होती.

भाव दुपट्ट्याखाली ठरवा. दलाल तुमचा हात दुपट्ट्याखाली घेतो आणि बोटं दाबतो. किती बोटं ते कळतं, पण हजार की दहा हजार ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. माझ्याकडून ओळखण्यात जरा फरक झाला. दुपट्टा निघाला तेव्हा सौदा झालेला होता. पावती फाडली, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहिला, शंभर माणसांसमोर पहिलवान माझा झाला.

दोन दिवसांत पोट उतरलं. ते ठीक. डवरणीला जुंपला तर अर्ध्या तासात काकरीतच बसला. कासरा ओढला, शेपूट पिळली, शेजारी बोलावले. तो रवंथ करत बसला होता, जणू मीच त्याच्याकडे सोबत म्हणून आलोय. बायको बांधावरून म्हणाली, "अजी, उठवू नका. थकला असन, इतक्या वजनाचा जीव हाये."

पुढची गोष्ट तुम्ही ओळखली असेल. म्हण आहेच ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. तिसऱ्या आठवड्यात पवळ्याही बसायला शिकला. तोच मी पाचवा विकला. कडबा संपल्यावर, फाल्गुनात, जेव्हा सगळा तालुका विकायला येतो तेव्हा. विकायची हीच वेळ: पेरणीआधी सगळ्यांसोबत घ्यायचं आणि चारा संपला की सगळ्यांसोबत विकायचं. एकटं पडायचं नाही. डवरणीला आता भाड्याचा छोटा ट्रॅक्टर आणतो. तो बसत नाही, फक्त वेळेवर येत नाही.

पहिलवान अजून गोठ्यात आहे. ढेप मात्र बंद केली नाही, इतक्या पैशांच्या जनावराला कुटारावर कसं ठेवायचं? गेल्या पोळ्याला आदल्या रात्री त्याचे खांदे तूप-हळदीनं शेकले. खांद्यावर वळ म्हणून एक नव्हता. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखाली उभा राहिला तर माणसं बाकीच्या जोड्या सोडून त्याच्याभोवती. आपल्या वखरलेल्या, खरवडलेल्या खांद्याच्या बैलांना धरून उभे असलेले लोकही माना वळवून बघत होते.

तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक माणूस पुढे आला. त्यानं पुठ्ठ्यावर थाप मारली. बद्द वाजलं. मग तो जरा मागे सरकला आणि हातानं हवेत उंची मोजू लागला.

"दात पाहू का, भाऊ?" त्यानं विचारलं.

"पाह्य नं बाप्पा," मी म्हटलं. "पन मले सांग, दातानं वखर वढते का तो?"

आजूबाजूचे हसले. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याचा हात त्याखाली घेतला.